काचेमागचा उजेड (भाग ६) : पट्टा गवताचा की काचेचा?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दिवाळीत ५५ इंची टीव्ही आला. काकू क्रिकेट बघतात ते स्कोअरपेक्षा क्षेत्ररचनेसाठी. स्लिप काढून माणूस पॉइंटला नेला, तर समालोचकाच्या आधी त्यांना कळतं. पहिल्याच सामन्याला त्यांनी मला बोलावून घेतलं. "अरे, मधोमध, जरासं डावीकडे बघ. उभा मळकट पट्टा दिसतोय का तुला?" दिसत होता. चार बोटं रुंद, कडा पुसट, हिरव्या रंगावरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखा. दुकानाने पाठवलेला माणूस आदल्याच दिवशी बघून गेला होता. त्याचं म्हणणं, मैदानावरचं गवतच तसं कापलेलं असतं.

गवत तसं कापतात, हे खरंच आहे. रोलर लावलेलं यंत्र जाताना पाती एका दिशेला झुकवतं आणि परत येताना उलट दिशेला. आपल्यापासून दूर झुकलेल्या पात्यांच्या पाठीवरून उजेड परततो, म्हणून तो पट्टा फिका दिसतो. आपल्याकडे झुकलेल्या पात्यांची टोकं आणि सावल्याच दिसतात, म्हणून तो गडद. गवत एकच, कापणीही सारखी, तरी पट्टे दोन रंगांचे. टीव्हीसमोर दोन मिनिटं उभं राहून एखाद्याची गल्लत होऊ शकते.

काकूंनी मात्र त्याला तिथल्या तिथे सांगितलं होतं, "कॅमेरा फिरला की गवत सरकतं. हा सरकत नाही."

या भागात मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ या वाक्यात आहे. टीव्हीवर पट्टे दिसले की पहिला प्रश्न हाच विचारायचा : चित्र हललं की पट्टा हलतो का? हलत असेल, तर तो एकतर मैदानातलाच आहे, नाहीतर आकड्यांचा आहे. म्हणजे चित्राचे आकडे करताना, ते पाठवताना किंवा टीव्हीत पुन्हा मांडताना झालेला. काचेवर एकाच जागी बसून राहत असेल, तर तो काचेचा किंवा तिच्यामागच्या उजेडाचा. दोघांनाही 'बँडिंग' म्हणतात. या एका नावापायी पहिल्या प्रकारचा त्रास असलेली माणसं चांगला टीव्ही परत करतात, आणि दुसऱ्या प्रकारचा असलेली सेट-टॉप बॉक्स बदलत बसतात.

आधी बसून राहणारा पट्टा. गेल्या काही भागांत आपण पाहिलं, की ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडी टीव्ही असतो. एलईडीचं काम फक्त मागून उजेड देण्याचं. चित्र घडवतो तो पुढच्या दोन काचांमधला द्रवस्फटिकाचा थर. या थराची जाडी साधारण ३ ते ४ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. काच मात्र सव्वा मीटर रुंद! एवढ्या रुंदीवर इतकं बारीक अंतर सगळीकडे सारखं राखायचं असतं. एखाद्या उभ्या पट्टीत ते किंचित बदललं, की तिथून जाणारा उजेड कमी-जास्त होतो. चौकट कुठे जास्त दाबली गेली, टीव्ही आडवा ठेवून टेम्पोतून आणला, तरी काचेवर ताण येतो. पडदा बनवणाऱ्या कारखान्यांत अशा असमानतेला 'मुरा' म्हणतात. शब्द जपानी आहे, अर्थ एकसारखेपणाचा अभाव. काही कारखान्यांत तयार पडद्याचा कॅमेऱ्याने फोटो घेऊन, कुठला भाग किती मळकट आहे ते मोजून, त्या जागेपुरता सिग्नल वाढवण्याची सोय पडद्यातच करून ठेवतात. दोष त्यामुळे झाकला जातो. स्वस्त पडद्यांत ही मेहनत घेतली जाईलच असं नाही.

मग हा पट्टा मालिकांमध्ये का दिसत नाही? कारण स्वयंपाकघर, साडी, भिंतीवरचं कॅलेंडर अशा भरगच्च दृश्यात डोळ्याला तुलना करायला सपाट जागाच मिळत नाही. मैदान म्हणजे एकाच रंगाचं, मध्यम उजेडाचं मोठं पटांगण, आणि त्यावर कॅमेरा सतत आडवा धावतो. सगळं सरकत असताना एकच गोष्ट स्थिर राहिली, तर डोळा ती पकडणारच. म्हणून ज्या घरात क्रिकेट जास्त बघितलं जातं, तिथून ही तक्रार जास्त येते. त्या घरातल्या माणसांना उगाच चिकित्सक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मागच्या उजेडाचे दोष वेगळे ओळखू येतात. ज्या टीव्हीत एलईडीच्या पट्ट्या पडद्याच्या थेट मागे असतात, त्यात प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवणारी एक छोटी भिंग-टोपी चिकटवलेली असते. उष्णतेने डिंक सुटला की ती गळून पडते आणि पडद्यावर पांढरा गोल ठिपका उमटतो. दुरुस्तीवाले याला 'लेन्स पडली' म्हणतात. ती पुन्हा चिकटवता येते, पट्टीही बदलता येते. फक्त त्यासाठी पुढची काच उचलावी लागते आणि खरी जोखीम त्या उचलण्यात असते. काचेतला मुरा मात्र दुरुस्त होत नाही. पडद्यावर मऊ फडक्याने मालीश केली की पट्टा जातो, असा सल्ला फिरत असतो. कृपा करून करू नका. ३ मायक्रॉनच्या थरावर अंगठ्याचा दाब काय करील, याचा विचार करा.

दुरुस्तीच्या दुकानात आणखी एक घोटाळा होतो. पडद्यावर एक-दोन ठिपक्यांच्या रुंदीची, सुरीने ओढल्यासारखी धारदार उभी रेघ आली, तर ते बँडिंग नाही. काचेच्या कडेला चित्राचा सिग्नल आणणाऱ्या पातळ लवचीक पट्ट्या असतात. त्यांतल्या एखाद्या जोडाचा संपर्क सुटला, की सहसा अशी रेघ येते. तो जोड यंत्राने तापवून, दाबून पुन्हा बसवतात, त्याला 'बाँडिंग' म्हणतात. बँडिंगची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बाँडिंगचा खर्च सांगितला जाणं सहज शक्य आहे. म्हणून दुकानात शब्द वापरण्याआधी लक्षण सांगा : धारदार रेघ की पुसट पट्टा.

आता हलणारा पट्टा, माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग. सिनेमात संध्याकाळचं आभाळ आहे. वर गडद निळं, खाली क्षितिजाकडे फिकट होत जाणारं. प्रत्यक्ष आभाळात पायरी नसते, पण टीव्हीवर तेच आभाळ डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखं टप्प्याटप्प्याने उतरताना दिसतं. नेहमीच्या ८ बिटांच्या व्हिडिओत एका रंगाच्या जास्तीत जास्त २५६ छटा मांडता येतात. तीन रंग मिळून १ कोटी ६७ लाख रंग होतात आणि जाहिरातीत हाच आकडा असतो. पण आभाळाला एवढे रंग लागत नाहीत, त्याला एकाच निळ्याच्या जवळजवळच्या छटा लागतात. समजा, वरच्या कडेपासून खालपर्यंत फक्त ४० छटांचा फरक आहे. फोर-के पडद्यावर आडव्या ओळी २१६०. म्हणजे प्रत्येक छटेच्या वाट्याला ५४ ओळी. काकूंच्या टीव्हीवर हे जवळपास पावणेदोन सेंटिमीटर भरतात. पावणेदोन सेंटिमीटर एकच रंग, मग एकदम पुढचा. १० बिटांत छटा १०२४ होतात, तीच पायरी साडेचार मिलिमीटरच्या आत येते आणि तिची उंचीही चौथाई होते.

अंधारात हे जास्त बोचतं, त्याचं गणित साधं आहे. २०० क्रमांकाच्या छटेवरून २०१ वर गेलं, तर पडद्याचा उजेड जेमतेम १ टक्क्याने वाढतो. २० वरून २१ वर गेलं, तर सुमारे ११ टक्क्यांनी. दिवसा खोलीतल्या उजेडात ही उडी बुडून जाते. रात्री दिवे घालवून बसलात की उघडी पडते.

त्यात आपला डोळा भर घालतो. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये याचं वर्णन केलं. ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत विमानाचा वेग सांगताना ज्याचं नाव घेतात, तोच हा माख. रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड हातात घ्या. शेजारशेजारच्या दोन छटा जिथे भेटतात, तिथे गडद छटा कडेला अधिक गडद आणि फिकी छटा अधिक फिकी वाटते. प्रत्येक चौकोन छापताना सपाटच छापलेला असतो. सीमेवर पेन्सिल आडवी ठेवून ती झाकली, की दोघांतला फरकही कमी भासतो. डोळ्यातल्या शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात आणि त्यामुळे कडा उठून दिसतात. हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर हे दाबणं मोजून दाखवणाऱ्या हार्टलाइन यांना १९६७ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे पायरी टीव्हीत असते लहानशी, डोळा तिला काठ रंगवून देतो. पट्टे दिसतात म्हणणाऱ्या माणसाला भास होत नसतो. त्याचा डोळा चोख काम करत असतो.

यावर उपाय काय, हे आपल्या व्यक्तिचित्राच्या रांगोळ्या काढणाऱ्यांना ठाऊक आहे. गालावरच्या उजेडाकडून सावलीकडे जाताना हवी ती प्रत्येक छटा डब्यात नसते. कलाकार दोन रंगांचे कण सीमेवर चिमटीने एकमेकांत शिंपडतो. दोन पावलं मागे सरलं की तिथे तिसरीच छटा तयार होते आणि काठ नाहीसा होतो. हेच तत्त्व चित्राच्या आकड्यांना लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६१ मध्ये एमआयटीत लावलं : आकडे थोड्याच छटांत बसवण्याआधी त्यांत मुद्दाम थोडी खळबळ मिसळायची. चित्रात कचरा घालून चित्र सुधारतं, हे ऐकायला विचित्र आहे, पण पायऱ्या मोडतात त्या यानेच. पुढे हेच रॉबर्ट्स इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत अग्रभागी होते. आजचे अनेक पडदे तीच युक्ती काळात करतात : दोन शेजारच्या छटा झपाट्याने आलटूनपालटून दाखवून मधली छटा भासवतात.

गंमत अशी, की ही शिंपडलेली रांगोळी वाटेतच झाडून टाकली जाते. नेटवरून किंवा उपग्रहावरून चित्र पाठवताना ते आवळावं लागतं, आणि आवळणाऱ्या प्रणालीला बारीक कण सर्वांत महाग पडतात. ती ते पुसते आणि खाली लपलेल्या पायऱ्या वर येतात. २८ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग प्रसारित झाला. जवळजवळ पूर्ण अंधारात चित्रित केलेला. काही दिसतच नाही आणि अंधारात पट्टे व चौकोन दिसतात, अशा तक्रारींचा पाऊस पडला. काळोख, धुकं, बर्फ आणि धूर, शिवाय आवळलेला प्रवाह. अशा दृश्यात महागडा टीव्हीही हतबल होतो.

म्हणून हलणारे पट्टे दिसले तर आधी तोच प्रसंग दुसऱ्या टीव्हीवर बघा. तिथेही असतील, तर ते वरूनच आले आहेत. नसतील, तर आपल्या टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड काढा, शार्पनेस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट उतरवा; ही तिन्ही पायऱ्यांची उंची वाढवतात. काही टीव्हींत 'स्मूथ ग्रेडेशन' नावाची सोय असते, ती मध्यम ठेवा. जास्त ठेवली तर चेहऱ्यांवरचा पोतही पुसला जातो. आणि खोक्यावर एचडीआर लिहिलं आहे म्हणून पडदा १० बिटांचाच असेल असं धरू नका. स्वस्त टीव्हीत त्याचा अर्थ अनेकदा इतकाच असतो, की तो सिग्नल स्वीकारला जातो.

बसून राहणाऱ्या पट्ट्यासाठी पहिल्या दोन-चार दिवसांतच तपासणी करावी. मोबाइलवर सपाट राखाडी रंगाचं एक चित्र बनवा, पेनड्राइव्हने पडद्यावर लावा. एकदा गडद राखाडी, एकदा मध्यम. एकसारखेपणात उणंदुरं प्रत्येक पडद्यात असतं, पुसटसा फरक म्हणजे बिघाड नव्हे. सामना बघताना लक्ष वारंवार तिकडेच जातं की नाही, ही खरी कसोटी. पुरावा म्हणून फोटो काढाल, तर आधी बॅकलाइट पूर्ण वाढवा. कमी उजेडावर अनेक टीव्हींतले एलईडी आपल्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, आणि मोबाइलचा कॅमेरा ओळीओळीने टिपत असल्यामुळे फोटोत पडद्यावर नसलेले आडवे पट्टे उमटतात. तसा फोटो दाखवलात तर खरी तक्रारही खोटी ठरते. दुकान ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

काकूंनी राखाडी चित्र लावून ठेवलं आणि दुकानाच्या माणसाला पुन्हा बोलावलं. या वेळी समोर गवत नव्हतं. त्याने पट्टा पाहिला, मान्य केला, आठवड्याने टीव्ही बदलून आला. नव्या पडद्याच्या डाव्या कडेला बोटभर काळपट छटा आहे. मला ती लगेच दिसली. काकूंनी सलग चार षटकं बघितली. "हा चालेल," त्या म्हणाल्या, आणि थर्ड मॅन एवढा मागे का उभा केलाय, ते मला विचारू लागल्या.

(पुढील भागात : काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांभोवती उजेडाचं वलय का दिसतं?)