चारचौघांसमोरचा मान

चैत्रोत्सवात सप्तशृंग गडावर मध्यरात्री कीर्तिध्वज चढतो. ध्वज घेऊन तो अवघड सुळका चढण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. खाली खानदेशातून पायी आलेली माणसे माना उंचावून उभी असतात. कळवण तालुक्यात वाढलेल्या मला ‘मान’ या शब्दाचा अर्थ तिथेच कळला. मान चारचौघांसमोर मिळतो, आणि ते चारचौघेच त्याला मोल आणतात. पुढे घरात केबल आली, टीव्हीवर चकाकते पुरस्कार सोहळे दिसू लागले. तेव्हापासून एक प्रश्न सोबत आहे: या सोहळ्यातले चारचौघे कोण?

त्याचे उत्तर मला मुंबईच्या विझक्राफ्ट या कंपनीच्या वाटचालीत सापडत गेले. आंद्रे टिमिन्स, विराफ सरकारी आणि सब्बास जोसेफ या तिघांनी 1988 मध्ये ती सुरू केली. पुरस्कार आपल्याकडे नवे नव्हते. 1954 मध्ये मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिले फिल्मफेअर दिले गेले, त्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. पण सोहळा उभा करणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, असे फारसे कुणी मानत नव्हते. मांडववाला, लाइटवाला, साउंडवाला, निवेदक, ज्याला त्याला वेगवेगळे सांगून आणायचे आणि ऐनवेळी सगळ्यांमागे धावायचे, अशी रीत होती. या सगळ्यांची मोट बांधून कार्यक्रमाची पूर्ण जबाबदारी एकाच्या खांद्यावर घ्यायची, हे काम विझक्राफ्टसारख्या कंपन्यांनी व्यवसाय म्हणून रुजवले.

कंपनीचे नाव घरोघरी पोचण्याआधी तिचे काम पोचले. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन नाचला. शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते, राज ठाकरे यांची शिव उद्योग सेना या कार्यक्रमाच्या पाठीशी होती आणि आयोजन विझक्राफ्टचे होते. करमणूक कर माफ करावा की नाही, यावरून मग वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. तीन कोटींहून अधिक रकमेचा तो प्रश्न राज्याच्या मंत्रिमंडळाने निकाली काढला तो जानेवारी 2021 मध्ये. एका रात्रीच्या कार्यक्रमाचा हिशेब मिटायला चोवीस वर्षे लागली.

खरे वळण आले ते 24 जून 2000 रोजी. लंडनच्या मिलेनियम डोममध्ये विझक्राफ्टने हिंदी सिनेमाच्या पुरस्कारांचा पहिला आयफा सोहळा केला. ‘हम दिल दे चुके सनम’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार संजय दत्तला मिळाला, महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’साठी. मुंबईतल्या मराठी माणसाच्या घरात घडणारी ती गोष्ट. त्या घरातली आई रीमा लागू यांनी उभी केली होती. मुंबईच्या चाळीतले दुःख टेम्सच्या काठी गौरवले गेले, हे मला आजही विलक्षण वाटते.

दुसऱ्यांच्या पुरस्कारांचा कार्यक्रम करून देण्याऐवजी कंपनीने इथे स्वतःचाच पुरस्कार उभा केला, आणि तो दरवर्षी परदेशी नेला. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेतले सन सिटी, मग मलेशियातले गेंटिंग हायलँड्स, जोहान्सबर्ग, सिंगापूर, अॅमस्टरडॅम, दुबई, यॉर्कशर, बँकॉक, मकाव. यजमान शहराला पर्यटक हवे होते, आपल्या सिनेमाला नवा प्रेक्षक हवा होता आणि परदेशातल्या भारतीयांना आपले कलावंत जवळून पाहायचे होते. या तीन गरजा एका व्यासपीठावर जुळवणे, हे या कंपनीचे सर्वात मोठे कसब. 2010 मध्ये ते कसब दोन टोकांना दिसले. जूनमध्ये कोलंबोतल्या सोहळ्यावर श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावरून दक्षिणेतल्या चित्रसृष्टीने बहिष्कार टाकला, अमिताभ बच्चनही गेले नाहीत. सोहळ्याची जागा ही केवळ जागा नसते, हे तेव्हा उमगले. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्याचे आयोजन याच कंपनीकडे होते. नेहरू स्टेडियममध्ये अधांतरी तरंगणारा तो अजस्र फुगा पाहताना आमचे घरही श्वास रोखून बसले होते.

मराठीनेही ही वाट धरली. ‘वास्तव’च्याच मांजरेकरांनी मराठी नाटक-सिनेमासाठी मिक्ता सुरू केला, तो 2010 मध्ये दुबईत, नंतर लंडन, सिंगापूर असा फिरला. अल्फा मराठीचे, पुढे झी मराठीचे गौरव पुरस्कार तर दरवर्षीच्या सणासारखे झाले. आमच्याकडे त्या काळी भारनियमन होते. कितीदा तरी शेवटचा पुरस्कार जाहीर होण्याआधीच वीज गेली, आणि कोण जिंकले ते सकाळी पेपरातून कळले.

अशा रात्री वाट पाहताना माझ्या प्रश्नाचे उत्तर लख्ख झाले: चारचौघे आता आम्ही होतो. सोहळा परदेशात होई, आणि कळवणात तो कित्येक आठवड्यांनी दिसे, तोही कापून, सांधून, जाहिरातींच्या मापाने बेतून. सभागृहातल्या माणसांसाठी तो पुरस्कार होता, आमच्यासाठी कार्यक्रम. आणि कार्यक्रम म्हटला की नाच आणि विनोद वाढतात, पुरस्काराची घटका आखडते. सर्वात मोठी कात्री लागली ती पडद्यामागच्या माणसांना. छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचे पुरस्कार ‘आयफा रॉक्स’ या वेगळ्या संध्याकाळी दिले जाऊ लागले. ज्यांच्यामुळे चित्रपट दिसतो आणि ऐकू येतो, त्यांचा मान मुख्य रात्रीच्या उजेडाबाहेर गेला.

अलीकडे चक्र उलटे फिरले आहे. 2019 मध्ये आयफा पहिल्यांदा मायदेशी, मुंबईत झाला. 2020 चा सोहळा मध्य प्रदेशात व्हायचा होता, तो करोनाने हिरावला. अबू धाबीतल्या सलग तीन सोहळ्यांनंतर मार्च 2025 मध्ये जयपूरला पंचविसावे वर्ष साजरे झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला किरण राव यांचा ‘लापता लेडीज’. घुंघटामुळे रेल्वेत अदलाबदल झालेल्या दोन नववधूंची ही गोष्ट मध्य प्रदेशात, सिहोरच्या खेड्यांत चित्रित झाली आहे. ज्या सोहळ्याने पंचवीस वर्षे जगाची शहरे पालथी घातली, त्याचा सर्वोच्च मान खेड्यांतल्या दोन मुलींच्या गोष्टीकडे आला. आमच्यासारख्या गावांना याचा आनंद वाटणारच.

आमच्या कळवण-सुरगाण्याकडे बोहाडा होतो. रात्रभर देवादिकांची सोंगे निघतात. सोंग नाचवणारा, संबळ वाजवणारा आणि टेंभा धरणारा एकाच वाटेवरून, एकाच गर्दीतून चालतात. टेंभा धरणाऱ्याला वेगळ्या रात्री कुणी बोलावत नाही. तो नसेल तर सोंग दिसणारच नाही, हे गावाला ठाऊक असते.

विझक्राफ्टच्या सुमारे चार दशकांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. लंडनच्या डोमपासून कळवणच्या बैठकीच्या खोलीपर्यंत तिने चारचौघांचा घेर वाढवला. आता त्या घेरासमोर छायाचित्रकार, संकलक आणि ध्वनी सांभाळणारा कलावंत मुख्य रात्री उभा राहावा, त्यांचे नाव न कापता ऐकू यावे. आम्ही घरी जागे असतो. टाळी वाजवायला थांबलेले असतो.