एकटीचं आईपण : कायदा कुठून कुठे आला?

लग्न न केलेल्या बाईने आई व्हावं की नाही, या प्रश्नाला आपल्या कायद्याने १९५६ सालीच एक उत्तर दिलं होतं. त्या वर्षीच्या हिंदू दत्तक कायद्याने अविवाहितेला स्वतःच्या नावावर मूल दत्तक घ्यायची मुभा दिली. पोटचं मूल हवं म्हणणाऱ्या एकटीचा विचार मात्र कुणी केला नव्हता. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि या उपचारांचं नाव घरोघरी पोचलं. तरीही ते नवरा-बायकोसाठीच आहेत, असं डॉक्टरही धरून चालत आणि पेशंटही.

बदलाची सुरुवात २००५ मध्ये झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्या वर्षी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि एकटी स्त्री हे उपचार घेऊ शकते, निकषांत बसत असेल तर केंद्राने तिला नाकारू नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं. पण तो कायदा नव्हता. कोणत्या दवाखान्यात दाद लागेल, हे बरंचसं तिथल्या डॉक्टरांच्या मतावर अवलंबून राही.

वैद्यकीय पर्याय तोवर तयारच होते. वय कमी आणि बीजनलिका मोकळ्या असतील, तर आययूआय हा सर्वांत साधा. स्पर्म बँकेतून आलेलं दात्याचं वीर्य बीज सुटण्याच्या सुमारास गर्भाशयात सोडतात. भूल लागत नाही. नलिका बंद असतील किंवा वय वाढलेलं असेल, तर आयव्हीएफ. त्यात इंजेक्शनं देऊन बीजं वाढवतात, ती काढून प्रयोगशाळेत फलित करतात आणि गर्भ गर्भाशयात ठेवतात. स्वतःची बीजं उरली नसतील, तर दात्रीचं स्त्रीबीज. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने स्त्रीबीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला आणि आपल्याकडच्या तिशीतल्या मुलींच्या बोलण्यातही ‘एग फ्रीझिंग’ येऊ लागलं. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात. म्हणून गोठवायचं तर लवकर, आणि तरीही मूल होईलच याची हमी नाही.

उपचारांपेक्षा कागदपत्रांनी बायकांना जास्त छळलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व घेता येईल असा निकाल दिला. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टसाठी आई किंवा वडील, एकाचंच नाव पुरेसं झालं. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आयव्हीएफने गरोदर राहिलेल्या एका घटस्फोटितेच्या याचिकेवर, अशा आयांसाठी जन्मनोंदणीचा वेगळा अर्ज काढायला सांगितलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं.

दरम्यान, २०२१ च्या डिसेंबरात दोन कायदे एकदमच आले होते. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्याने २१ ते ५० वर्षांच्या स्त्रीला, लग्न झालेलं असो वा नसो, उपचारांचा हक्क दिला. दाता नोंदणीकृत बँकेतूनच येणार आणि मुलावर त्याचा कोणताही हक्क राहणार नाही, हेही ठरलं. जे २००५ मध्ये सल्ल्याच्या पातळीवर होतं, ते आता कायद्याने मिळालं.

त्याच्या जोडीला आलेल्या सरोगसीच्या, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवून घेण्याच्या, कायद्याने मात्र ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटितांनाच परवानगी दिली. त्यांनाही बीज स्वतःचंच वापरावं लागतं. अविवाहितेचं नावच नाही. निर्माती एकता कपूरला जानेवारी २०१९ मध्ये सरोगसीतून मुलगा झाला, तेव्हा ती अविवाहित होती. आज तिला तो मार्ग मिळाला नसता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४४ वर्षांच्या एका अविवाहितेची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा खंडपीठाने विवाहसंस्था जपण्याची गरज बोलून दाखवली.

म्हणजे गर्भाशय धड असेल तर नवरा नसला तरी चालतो, आणि गर्भाशय नसेल तर निदान एकदा लग्न होऊन मोडलेलं किंवा नवरा गेलेला असावा लागतो. जन्मतःच गर्भाशय नसलेली किंवा कर्करोगात ते गमावलेली अविवाहिता या हिशेबात कुठेच बसत नाही. दत्तक मूल वाढवायला जिच्यावर १९५६ मध्ये भरवसा टाकला, तिच्यावर इथे तो का नाही, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. आणि ते उत्तर कायदा शोधेपर्यंत तिचं वय थांबणार नाही.