माणसांना बोलावणाऱ्या जागा

शहरात मोकळ्या जागा पुष्कळ असतात. परंतु त्या सगळ्याच गजबजलेल्या नसतात. एखादा प्रशस्त, फरसबंदी चौक दिवसभर ओस पडलेला दिसतो. उलट गावातील वडाच्या लहानशा पारावर बसायला जागा उरत नाही. असे का होत असावे? तमिळनाडूतील तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराच्या आवारात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

पहिला राजराज चोळ याने हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. त्याचे आवार सुमारे २४० मीटर लांब व १२० मीटर रुंद आहे. भोवतालच्या ओवऱ्यांमुळे भर उन्हातही सावली मिळते. ऊन कलले, दगड निवू लागला, की माणसे तेथे निवांत टेकतात. बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. न्यूयॉर्कमधील चौकांचे निरीक्षण करणारे विल्यम व्हाइट यांनीही १९८० साली हेच सांगितले, की जेथे बसण्याची सोय असते तेथे माणसे बसतात.

नुसती सोय मात्र पुरेशी नसते. येण्याला निमित्तही लागते, आणि ती निमित्ते जितकी निरनिराळी तितकी जागा अधिक वेळ जागती राहते. कोणी दर्शनाला येतो, कोणी शिल्पे पाहायला. प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीच्या अभिषेकासाठी गर्दी लोटते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली येथील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो पाहून मराठी प्रवाशाची पावले थबकतात.

तरीही एक कसोटी उरते, आणि तीच सर्वांत कठीण आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना या मंदिराचे दार १९३९ साली उघडले. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षे सावली होती, विस्तार होता, उत्सव होते. पण ते सारे प्रत्येकासाठी नव्हते. ज्या जागेच्या उंबरठ्यावर काही माणसांना अडवले जाते, ती कितीही गजबजलेली असली, तरी तिला सार्वजनिक म्हणता येत नाही.

म्हणून आपल्या गावातील चौक, पार किंवा बाग पाहताना सावली, बसण्याची सोय आणि येण्याची निमित्ते तर पाहावीतच. तेथे कोण बसलेले दिसते, हेही पाहावे. आणि कोण कधीच दिसत नाही, याचाही विचार करावा.