सहरीला दोन ताटं

लक्ष्मी-विष्णू मिलच्या भोंग्यावर उठणारी माणसं आता रमजानमध्ये मशिदीतल्या सहरीच्या पुकाऱ्यावर उठतात. निवृत्त गिरणी कामगाराचं असं घर सोलापुरात शोधावं लागत नाही. ती ज्वारीची भाकरी थापते. दही, शेंगाचटणी काढते. रोजा मात्र तिचा एकटीचाच. त्याला इन्सुलिन सुरू झालंय, डॉक्टरांनी रोजाला मनाई केलीय. तरी सहरीला तोही ताट घेऊन बसतो. दुपारी मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून जेवतो. जन्मभर रोजे धरलेल्या माणसाला हे जड जातं. ती बाहेरूनच विचारते, ‘गोळी घेतली का?’

कायमच्या आजारामुळे रोजा जमत नसेल तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण द्यायचं. त्याला फिदया म्हणतात. ऐपतच नसेल तर सक्ती नाही. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये. तीस जेवणांवर वाटली तर ताटामागे ३३ रुपये, आणि औषधं वेगळीच! हिशेब बसत नाही, हे दोघांनाही कळतं. म्हणून संध्याकाळी ती दोन भाकरी जास्त थापते. इफ्तारच्या आधी तो डबा घेऊन बाहेर पडतो. कुणाकडे, ते तिनं अजून विचारलेलं नाही.