पहिली दाढी आणि गालांची आग

मिसरूड फुटलेल्या मुलाला गणित शिकवावयास शिक्षक असतो, सायकल शिकवावयास थोरला भाऊ असतो; दाढी करावयास मात्र त्याला बहुधा कोणीच शिकवीत नाही. पूर्वी ही अडचण नव्हती, कारण दाढी हे दुसऱ्याने करावयाचे काम होते. धोकटी घेऊन न्हावी ओसरीवर येई, पाणी लावून गाल बराच वेळ चोळी, आणि मगच वस्तऱ्याला हात घाली. आपण त्या चोळण्याला वेळेचा अपव्यय समजत असू. त्याची खरी विद्या तीच होती. आता वस्तरा ज्याच्या त्याच्या हाती आला आणि ती विद्या मागे राहिली.

आपल्या पूर्वजांनी तर पहिल्या दाढीचा संस्कारच केला होता. गृह्यसूत्रांत त्याला गोदान किंवा केशान्त अशी नावे आहेत, आणि तो सोळाव्या वर्षी करावा असे आश्वलायन सांगतो. कोमट पाणी वापर आणि इजा न करता हे काम कर, अशी सूचना त्या वेळी नापिताला द्यावयाची असते. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर सविता वस्तरा घेऊन आल्यावर वायूला ऊन पाणी घेऊन येण्याची विनंती केलेली आहे. देवांनाही गार पाण्याने दाढी करवत नसावी! थट्टा सोडली, तरी पाणी ऊन हवे आणि ते वस्तऱ्याच्या आधी हवे, हे सूत्र आजच्या त्वचारोगतज्ज्ञालाही मान्य होईल.

याचे कारण साधे आहे. कोरडा केस राठ असतो. दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजला म्हणजे तो फुगून मऊ होतो आणि पात्याला फारसा विरोध करीत नाही. न भिजलेला केस पाते ओढते, तोडते, आणि त्या ओढाताणीत त्वचेचा वरचा पातळ थरही खरवडून नेते. हा थर म्हणजे चेहऱ्याचे कुंपण होय. ते मोडले की त्वचेतील ओल उडू लागते, घाम आणि साबण आत झोंबतो, गाल लाल होऊन आग होऊ लागते. ही आग काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत शमते. हिच्याहून चिवट प्रकार निराळा. दाढी उलट्या हाताने, म्हणजे केसाच्या वाढीच्या विरुद्ध दिशेने, अगदी मुळापर्यंत केली की केसाचे तासलेले टोक त्वचेच्या पातळीखाली जाते आणि वाढताना वाकून पुन्हा मांसात शिरते. मग पुटकुळ्या उठतात, विशेषतः मानेवर. ज्यांचे केस कुरळे, त्यांना हा त्रास अधिक.

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाला १९०४ साली आपल्या सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले. आदल्या वर्षी त्याचे अवघे एक्कावन्न रेझर खपले होते; पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी लक्षावधी घेतले. आज दिल्लीपासून फार दूर नसलेल्या भिवाडीत त्याच नावाचा कारखाना आहे. ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ मात्र आपण नीट ध्यानात घेतला नाही. त्या रेझरने गळा कापण्याची भीती गेली, त्वचा खरवडण्याची गेली नाही. एकाखाली एक अशी तीन-चार पाती बसविलेले नवे रेझर तर एका फटक्यात त्वचेवरून तीन-चार वेळा फिरतात. नवख्याने एका पात्याच्या किंवा दोन पात्यांच्या साध्या रेझरने आरंभ करावा, असे माझे मत आहे.

दिल्लीत हा विषय मला विशेष जाणवतो तो राजेंद्रनगर, करोलबाग, मुखर्जीनगर या भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांमुळे. लातूर, बीड, सांगलीकडची ही मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी येथे येतात. शाहजहान मार्गावरील धौलपूर हाउसमध्ये मुलाखतीचा दिवस उगवतो तो पुष्कळदा हिवाळ्यात. खोलीत चार जण, न्हाणीघर एक, टाकीतले पाणी बर्फासारखे, गीझरपुढे रांग. घाईघाईत गार पाण्यावर नव्या पात्याने दाढी होते, आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर मुलगा मंडळापुढे बसतो तो लालबुंद मानेने, कॉलर टोचत असताना! प्रश्न राज्यघटनेवर असतो आणि लक्ष मानेवर.

त्यात येथील पाण्याची भर पडते. दिल्लीत आणि भोवतालच्या गुडगाव, नोएडा, गाझियाबाद या शहरांत जेथे बोअरचे पाणी येते तेथे ते बहुधा जड असते. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणत. शब्दच सारे सांगतो. साबणाला फेस येत नाही, क्षारांचा चिकट साका तेवढा गालावर बसतो, आणि फेसाविना फिरलेले पाते म्हणजे तेलाविना फिरलेले चाक. उपाय सोपा आहे: दाढीपुरते तांब्याभर पाणी उकळून घ्यावे, त्यातील काही क्षार तळाशी बसतात. पिण्यासाठी गाळलेले पाणी थोडे कोमट करून घेतले तरी चालते.

दाढी स्नानानंतर करावी. ते न जमल्यास ऊन पाण्यात भिजविलेला पंचा दोन मिनिटे गालांवर धरावा. फेस ब्रशाने चांगला माजवावा आणि मिनिटभर तसाच राहू द्यावा. आदल्या दिवशीच्या खुंटांवरून बोट फिरवून वाढीची दिशा पाहून ठेवावी. गालांवर ती बहुधा खालच्या बाजूस असते, मानेवर मात्र ती आडवी किंवा वरच्या बाजूसही असू शकते. हात सुलटाच चालवावा, जोर देऊ नये, त्वचा फार ताणू नये, आणि झाल्या जागेवरून पुन्हा पुन्हा पाते फिरवू नये. चार-सहा दाढ्या झाल्या किंवा पाते ओढू लागले की ते टाकावे. काटकसर इतरत्र करावी. झाडाला आरसा टांगून बसणाऱ्या न्हाव्याकडे गेल्यास नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत बसवून घ्यावे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता ही मागणी संकोचाची नाही.

मागाहून तुरटी फिरविण्याची चाल जुनी आहे आणि बारीक काप मिटविण्यास ती उपयोगी पडते. पण दिल्लीच्या कोरड्या थंडीत साऱ्या चेहऱ्यावर ती फिरवू नये. स्पिरिटाच्या सुगंधी पाण्याने झोंबते, म्हणजे गुण येतो, ही समजूतही सोडलेली बरी. गार पाणी, मऊ पंच्याने टिपणे आणि वासरहित साधे मलम एवढे पुरे.

आग झालीच तर थोडे दिवस वस्तरा दूर ठेवणे हे पहिले औषध. गार पाण्याची घडी ठेवावी, कोरफडीचा गर सोसत असेल तर लावावा, पुटकुळ्या नखांनी उकरू नयेत. आणि औषधाच्या दुकानात कोणी सुचविलेले गोरेपणाचे, खाजेचे, सर्वरोगहारी मलम मुळीच लावू नये. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत लाली जाते म्हणून मुले ते महिनोन्‌महिने लावीत राहतात. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात, आणि मलम सोडले की आग दुपटीने परतते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले ते याच अनुभवामुळे. पू धरला, सूज पसरली, ताप आला किंवा डाग पडू लागले, तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. दिल्लीच्या सरकारी रुग्णालयांत ती सोय आहे.

मुलाखतीच्या उमेदवारांनी नवा रेझर किंवा नवा साबण त्या आठवड्यात आरंभू नये. ज्यांची मान हमखास भडकते त्यांनी दाढी आदल्या संध्याकाळी, निवांतपणे, ऊन पाण्यावर करावी. आणि एवढे करूनही जमत नसेल तर पाते बाजूला ठेवून यंत्राने केस बारीक कातरून घ्यावेत. खुंट किंचित दिसतील, पण मान कॉलरमध्ये शांत राहील.