आफ्रिकेत कामाला जाताय? ताप अंगावर काढू नका

आफ्रिकेतली नोकरी ठरली की घरात धावपळ सुरू होते ती व्हिसा, तिकीट आणि बॅगेच्या वजनाची. चटण्या, लोणची, मसाल्याचे डबे भरले जातात. तब्येतीची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. नायजेरिया, काँगो, घाना, युगांडा, मोझांबिक अशा देशांत राहायचे असेल तर ही चूक महागात पडू शकते.

तिथला मलेरिया वेगळा

जगातील मलेरियाच्या दर १०० रुग्णांपैकी ९० हून अधिक आफ्रिकेत असतात. जवळपास चौथा हिस्सा एकट्या नायजेरियाचा. तिथे प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा मलेरिया आढळतो. तो मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. उपचार लांबले तर एक-दोन दिवसांतच रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो.

कामावरचे स्थानिक सहकारी मलेरियाला सर्दी-पडशासारखे हलक्यात घेताना दिसतात. लहानपणापासून वारंवार लागण झाल्याने त्यांच्या शरीरात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती आलेली असते. आपल्याकडून गेलेल्या माणसाकडे ती नसते. त्यामुळे त्यांचे पाहून ताप अंगावर काढणे धोक्याचे. बरीच वर्षे तिकडे राहून आलेल्यांनीही गाफील राहू नये. गावी दीर्घकाळ राहिल्यास ही शक्ती ओसरते.

जाण्यापूर्वी

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ही सोय आहे. एकदा घेतलेल्या लसीचा दाखला आता आयुष्यभर चालतो. तो पासपोर्टसोबतच ठेवा. पीतज्वराच्या देशातून दाखल्याविना परतणाऱ्याला भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

मलेरिया टाळण्याच्या गोळ्याही असतात. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची असते, मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. दोन्ही परतल्यावरही ४ आठवडे सुरू ठेवाव्या लागतात. कोणती गोळी कोणाला चालेल, हे डॉक्टरच ठरवतील. गरोदर महिला, लहान मुले आणि जुने आजार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. क्लोरोक्विन आफ्रिकेच्या बहुतांश भागात फाल्सिपेरमवर चालत नाही, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

तिथे राहताना

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी, खिडक्यांना जाळ्या, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डास पळवणारे मलम, एवढे रोजचे ठेवा. गोळ्या सुरू असल्या तरी मच्छरदाणी सोडू नका.

बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि तिच्या अळ्या कातडीत शिरतात. त्यामुळे आतले कपडेसुद्धा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करूनच घाला. तलावात, संथ पाण्यात पोहणे टाळा, तिथून बिल्हार्झियाची लागण होते. पाणी उकळून प्या. औषधे परवानाधारक दुकानातूनच घ्या, कारण बनावट मालाचा सुळसुळाट आहे. रात्रीचा लांबचा रस्ताप्रवास शक्यतो टाळा.

ताप आलाच तर

त्याच दिवशी रक्त तपासा. पहिला अहवाल निगेटिव्ह आला आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासा. कामाच्या गावात रात्री सुरू असणारे रुग्णालय कोणते आणि कंपनीचा विमा तिथे चालतो का, हे पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

घरी परतल्यावर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. डास चावल्यापासून ताप यायला किमान आठवडा लागतो, कधी महिनाही. म्हणजे माणूस सुट्टीला घरी पोहोचतो आणि मग आजारी पडतो. गावातले डॉक्टर व्हायरल किंवा डेंग्यू समजून औषध देतात, कारण प्रवासाचे कोणी सांगितलेलेच नसते. परतल्यापासून तीन महिन्यांत, क्वचित त्यानंतरही, ताप आला तर दवाखान्यात पहिले वाक्य एकच असावे: “मी आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची तपासणी करा.” रुग्णाला बोलवत नसेल, तर हे सांगण्याचे काम घरच्यांचे. म्हणून ही माहिती त्यांनाही देऊन ठेवा.