रूम पार्टनरशी पटत नाही? आधी बोला, मग लिहून द्या

बारावी झाली की मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, मानोऱ्याची आपली मुलं-मुली अकोला, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, पुणे गाठतात. आम्ही शिक्षक त्यांचे प्रवेशाचे फॉर्म भरून देतो, शिष्यवृत्तीची कागदपत्रं सांगतो. पण अनोळखी माणसासोबत एका खोलीत वर्षभर कसं राहायचं, हे आम्हीही सांगत नाही आणि घरचेही सांगत नाहीत.

भांडणं बहुतेक साधीच असतात. रात्री दोनपर्यंत लाइट, फोनवर मोठ्यानं बोलणं, न विचारता नेलेला चार्जर, झाडू कोणी मारायचा. रमजानमध्ये सहेरीचा अलार्म वाजतो आणि पार्टनरची झोप मोडते. त्याचा सकाळी पेपर असेल तर त्याची चिडचिड समजून घ्यायला हवी. फोन व्हायब्रेटवर उशीखाली ठेवता येतो, डबा रात्रीच काढून ठेवता येतो. आधी दोन शब्द बोलून ठेवले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज वसतिगृहांत यासाठी रेसिडेंट असिस्टंट असतो. तो विद्यार्थीच, त्याच मजल्यावर राहणारा. या कामाच्या बदल्यात त्याला बहुधा खोलीचं भाडं माफ असतं. सुरुवातीलाच तो रूम पार्टनरना समोरासमोर बसवून झोपेची वेळ, पाहुणे, साफसफाई कागदावर लिहून घेतो. पुढे वाद झाला की आधी तो कागद काढतात. आपल्याकडे असा कोणी नसतो. असतात ते गृहपाल, वॉर्डन किंवा रेक्टर, आणि मुलांना वाटतं ते फक्त हजेरी घ्यायला आणि रागवायला आहेत. वास्तविक दोघांना बोलावून ऐकून घेणं, गरज पडली तर खोली बदलून देणं हे त्यांचंच काम आहे. यूजीसीच्या २००९च्या नियमांनुसार वॉर्डन कोणत्याही वेळी, फोनवरसुद्धा, उपलब्ध असला पाहिजे. आणि तो कागद? तो तर मुलं स्वतःही करू शकतात, पहिल्याच आठवड्यात.

मात्र प्रत्येक गोष्ट भांडण नसते. धर्मावरून टोमणे, जातीवरून, बोलण्याच्या ढंगावरून, दिसण्यावरून, गरिबीवरून अपमान हे रॅगिंगमध्ये मोडतं. यूजीसीने २०१६ मध्ये तसं स्पष्टच लिहिलंय. तिथं ‘जमवून घे बेटा’ म्हणू नका. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली तर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

‘लेखी’ हा शब्द लक्षात ठेवा. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात मृत्यू झाला. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन सिनियर डॉक्टरांवर आहे आणि प्रकरण कोर्टात आहे. आपण आधी तोंडी तक्रार केली होती, असं त्यांच्या आईचं म्हणणं आहे.

मुली तर बऱ्याचदा घरी सांगतच नाहीत. कारण ठरलेलं असतं: अब्बू म्हणतील, सामान बांध, शिक्षण पुरे. म्हणून ती गप्प राहते आणि त्रास वाढत जातो. पालकांनो, फोनवर पहिलं वाक्य ‘परत ये’ असू नये. ‘वॉर्डनला सांगितलंस का? कधी? ते काय म्हणाले?’ एवढं विचारा. गरज वाटली तर स्वतः जाऊन भेटा, पण मुलीला विचारून.

उर्दू माध्यमातून गेलेली मुलं अर्ज लिहायला बिचकतात, भाषा चुकेल म्हणून. साध्या मराठीत तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं आणि तेव्हा तिथं कोण होतं, एवढं लिहिलं तरी पुरे. दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा आवक शिक्का घ्या, ती स्वतःजवळ ठेवा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास सुरू असते, फोनला पैसे लागत नाहीत.